मिस्त्रीच्या खिशातले झाकण

बारा जुलै, शनिवार, सकाळचे अकरा. रक्कम चौदा हजार दोनशे. त्यातले नऊ हजार सहाशे सामानाचे आणि चार हजार सहाशे मजुरीचे. हजर तिघे: मी, चुनामिस्त्री आणि रस्त्यापलीकडची चहावाली शेवंताबाई. नोटा मी दोनदा मोजून दिल्या. मिस्त्रीने एकदाही मोजल्या नाहीत. घडी करून खाकी शर्टाच्या खिशात घातल्या, तयार उभ्या असलेल्या माझ्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरचे झाकण पिळून काढले, फडक्याला पुसले आणि तेही त्याच खिशात टाकले. वरून खिशाचे बटण लावले.

"माये झाले," तो म्हणाला. "सोम्याचे राहिले. ते दे, अन् झाकण घेऊन जा."

सोमा म्हणजे माझा ड्रायव्हर. सात दिवसांपूर्वीपर्यंतचा.

मला हा मिस्त्री आवडला नाही, आणि त्याला मी आवडलो नाही. आमची ओळख पुरती आठ दिवसांचीही नाही. तेवढ्यात तो माझ्याशी एक वाक्य गोड बोलला नाही, आणि मीही त्याला सोडले नाही. तरी गेल्या सहा महिन्यांत ज्या माणसाशी मनातल्या मनात मी सगळ्यात जास्त भांडलो तो हाच. तो गेला, त्यामुळे भांडण आता माझ्या एकट्याच्या अंगावर पडले आहे.

आमगावात रेल्वेच्या फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची टिनाची शेड होती. पाटी नव्हती. दारात तुपाचे एक जुने पिंप, त्यात विरवलेला चुना, वर धोतराचे फडके बांधलेले. इंजिनाच्या ब्लॉकला भेग आहे की नाही हे तो चुन्याने शोधायचा, म्हणून चुनामिस्त्री. नाव ऐकून नवे गिऱ्हाईक हसायचेच. मीही हसलो होतो, आणि जे सगळे म्हणत तेच म्हटले होते, की चुना गिऱ्हाइकाला लावता की इंजिनाला. त्याने मान वर केली नाही. "गिऱ्हाइकाले लावाले चुना पुरत नाई," एवढे म्हणाला.

तो सगळ्यांना 'तू' म्हणायचा. सरपंचाला, बँकेच्या साहेबाला, मलाही. मी आमगावच्या शाळेत लिपिक आहे हे कळल्यावर त्याने मला 'बाबू' म्हणायला सुरुवात केली. या भागात बाबू हा मानाचा शब्द आहे. त्याच्या तोंडी तसा वाटत नसे.

आमचे गाव आमगावपासून अकरा किलोमीटर. साडेपाच एकर धान, आणि आठ वर्षांपूर्वी घेतलेला ट्रॅक्टर. रोवणीच्या दिवसांत स्वतःच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखल करून झाला की गावातल्या पाच घरांचा चिखल आमच्याच ट्रॅक्टरने होतो. पाच जुलैला दुपारी बांधीतच इंजिन खडखडले आणि बंद पडले. ऑइलची सळई बाहेर काढली तर दुधाच्या चहासारखा फेस. पाणी ऑइलात उतरले होते. त्या दिवशी परे, म्हणजे रोवायची धानाची रोपे, एकवीस दिवसांची होती. परे पंचवीस दिवसांचे झाले की रोवावे लागतात. महिना उलटला की पीक घटत जाते. माझे आणि पाच घरांचे मिळून एकोणीस एकरांचे परे तयार होत होते आणि ट्रॅक्टर चिखलात उभा होता.

त्या संध्याकाळी चौकात पानठेल्यासमोर मी सोमाला बोललो. सतरा-अठरा माणसे असतील. पाणी न पाहता इंजिन पळवलेस, म्हणालो. आठ वर्षांचे इंजिन एका दुपारी जाळलेस, म्हणालो. सोमा चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. तो एवढेच म्हणाला, "मालक, मी तं तुमाले एक तारखेलेच सांगतलो होतो." मी त्याच्या राहिलेल्या बारा दिवसांच्या मजुरीचे चार हजार आठशे कापले आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून आणून मी इंजिन मिस्त्रीच्या दारात उभे केले आणि हे सगळे त्याला ऐकवले. कापलेल्या मजुरीसकट. आपण कडक मालक आहोत हे कळले म्हणजे मिस्त्री आकडा वाढवून सांगणार नाही, असा माझा हिशोब होता. त्याने ऐकून घेतले. मग इंजिनावर उपडा हात ठेवला.

"गरम हाय."

"काल दुपारपासून बंद आहे. उन्हाने तापले असेल."

"इंजन नाई. तू."

गरम इंजिन आणि गरम माणूस, दोघांना आपण हात लावत नाही, हे त्याचे नेहमीचे बोलणे होते. ते ज्याने त्याने ऐकलेले आहे. मला त्याने तास-दीड तास बाकड्यावर बसवून ठेवले. समोर चार ट्रॅक्टर आणि एक मळणीयंत्र. मी घड्याळ दाखवले तर म्हणाला, "शाळेत पोट्टे वाट पायतेत का तुयी? नाई ना. मंग बस."

मग त्याने रेडिएटरचे झाकण काढले. आतल्या रबराला बोट लावले, बोट नाकाशी नेले, आणि दुसरे काहीच न पाहता मला विचारले, "बाबू, तुया घरी महिन्याले हळद किती लागते?"

मी म्हणालो, मी इंजिन दाखवायला आणले आहे, किराणा भरायला नाही. तो हसला नाही. बोट फडक्याला पुसून कामाला लागला.

ट्रॅक्टरची वही मी रोज लिहितो. डिझेल किती टाकले, किती तास चालला, रेडिएटरला पाणी किती लागले. आठ वर्षांत एक दिवस कोरा नाही. ही वही मी मिस्त्रीला मुद्दाम दाखवली, कारण बिनहिशेबी मालक आणि मी यांत फरक आहे हे त्याला दिसावे. त्याने चष्मा लावला आणि जूनचे पान उघडले. तेलकट अंगठा कागदावरून खाली खाली सरकत गेला.

"वीस तारखेले पाव लिटर. बावीसले अर्धा. सत्ताईसले एक. एक जुलैले दीड." मग वर पाहून म्हणाला, "किती झाला?"

मी बेरीज केली. बारा दिवसांत सव्वानऊ लिटर.

"हे सव्वानऊ लिटर पाणी कोण पेला?"

 हा आकडा मी बारा दिवस माझ्या हाताने लिहिला होता आणि एकदाही त्याची बेरीज केली नव्हती. खर्चाची बेरीज मी रोज करतो. पाण्याला पैसे लागत नाहीत.

"अन् हे पाय," त्याने पुढच्या ओळींवर नख ठेवले. "दोन तारखेले पाणी नाई. तीनले नाई. चारले नाई. भेग आपली आपणच बुजली का गा?"

मी वही मिटली.  

त्याच्या कामाबद्दल मात्र मला खोटे लिहिता येणार नाही. हेड उतरवताना त्याने प्रत्येक बोल्ट निघाला त्या क्रमाने जुन्या पुठ्ठ्यात भोक पाडून खोचला. मी मोजून ठेवले होते. इंजिन जोडताना पुन्हा मोजले तर एक जास्त भरला. मी विजयाने विचारले, हा कोणाचा? "आधीच्या मिस्त्रीनं एक कमी लावला होता," तो म्हणाला. "त्या भोकात माती होती. हा मायाकडचा होय. पैसे नाई पायजे." बिलात तो बोल्ट खरेच नव्हता. मी दोनदा पाहिले.

त्याची आणखी एक पद्धत होती. भेगेची चाचणी तो साक्षीदाराशिवाय करत नसे. पूर्वी एका मालकाने, ब्लॉक तुझ्याच हातून पडून फुटला, म्हणून त्याच्यावर आळ घेतला होता. तेव्हापासून चाचणीच्या वेळी मालक हजर पाहिजे आणि ज्याचा इंजिनाशी काही संबंध नाही असे एक माणूस पाहिजे. ते माणूस बहुतेक वेळा शेवंताबाई असे. तिची टपरी समोरच. चाचणीची वेळ झाली की तो हाक मारायचा, "बाई, ये वं. पायाले ये." ती स्टोव्ह बारीक करून, हात पुसत यायची. "याच्या इंजनापायी माया दूध उतू जाते," असे दर वेळी म्हणायची आणि दर वेळी यायची.

आठ जुलैला मंगळवारी माझ्या ब्लॉकची चाचणी झाली. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ब्लॉक रिकामा करून उलटा ठेवला होता, म्हणजे जिकडे एरवी ऑइल असते ती बाजू वर. ती त्याने पेट्रोलने पुसून कोरडी केली आणि तिच्यावर कुंच्याने चुन्याचा पातळ हात दिला. भिंत सारवावी तसा, सगळीकडे सारखा. चुना वाळू दिला. मग ब्लॉकच्या ज्या पोकळीत एरवी पाणी खेळते तिची तोंडे लोखंडी पट्ट्या आणि ट्यूबचे रबर लावून बंद केली, एका तोंडातून कढत पाणी भरले आणि हवेच्या पंपाने दाब दिला. काटा चढला. तो पंपापासून बाजूला झाला.

"आता मी काई बोलत नाई," तो म्हणाला. "तूच पाय. तूच बोट ठेव."

हाही त्याचा नियम. भेग मिस्त्रीने दाखवायची नाही. मालकाने स्वतः शोधून तिच्यावर बोट ठेवायचे. मी वाकून पाहू लागलो. पाच मिनिटे सगळे पांढरे. मला बरे वाटायला लागले. मग तिसऱ्या सिलिंडरच्या बुडाशी चुना ओला झाला, आणि त्या ओलीतून एक रेघ उमटली. दोन बोटे लांब, केसाएवढी बारीक. पाण्याची रेघ करडी दिसायला हवी होती. ही लाल होती.

शेवंताबाई माझ्या खांद्यावरून वाकली. "अगा बाई. हे तं कुकू होय," ती म्हणाली. "हळदीले चुना लागला का लाल होते. इंजनात हळद कोणं टाकली?"

मिस्त्रीने बोलायचे नाही म्हटले होते, तो बोललाही नाही. बिडी पेटवून रस्त्याकडे पाहत राहिला.

आता ते लिहितो. एक जुलैला संध्याकाळी सोमाने मला सांगितले होते, "मालक, पाणी इंजनात जाऊन राहिला. सळईवर ऑइल चढून राहिला. मिस्त्रीले दाखवून घ्या." मी म्हणालो, रोवणी आटपू दे. शेजाऱ्याने उपाय सांगितला होता, की रेडिएटरात हळद टाकली की ती फुगून भेगेत बसते आणि गळती थांबते. आमच्याकडे हे पुष्कळ जण करतात. दोन तारखेला सकाळी, सोमा येण्याआधी, मी स्वयंपाकघरातून हळदीचा डबा घेतला. बायको म्हणाली, "वरणातली हळद इंजनात टाकता का जी?" मी दोन मुठी टाकल्या. गळती थांबली. तीन दिवस पाणी लागले नाही. मला वाटले, मी मिस्त्रीचे पैसे वाचवले. त्याच हळदीने रेडिएटरच्या बारीक नळ्या चोंदल्या, पाणी फिरेना, इंजिन आतून तापले आणि केसाएवढी भेग तळापर्यंत गेली. सोमाला यातले काही माहीत नव्हते. त्याने त्या दिवशीही सकाळी झाकण उघडून पाणी पाहिले होते; पाणी काठोकाठ होते.

वहीत मी हळद लिहिली नाही. घरातली होती, पैसे लागले नव्हते.

हे तिथे कबूल करायचे सोडून मी मिस्त्रीवर चालून गेलो. ब्लॉक उलटा करताना तुमच्याकडूनच आपटला असेल, म्हणालो. गोंदियात मशीनवर तपासून घेतो, म्हणालो. त्याने बिडी विझवली.

"जा ना. कोण धरून ठेवला? पर नवीन भेग कोरी रायते, बाबू. हिच्यात हळद भरून हाय. हळद माया घरची होय का? का या बाईच्या घरची?"

"मायी नाई," शेवंताबाई म्हणाली. "मी चायात अद्रक टाकतो."

मग त्याने पंपाची हवा सोडली, आणि माझ्याकडे न पाहता, हात धुता धुता म्हणाला, "त्या सोम्याचे बारा दिवस कापले म्हनतेस ना. ते दे त्याले. अन् जिथी कापले तिथीच दे. सगळ्याइच्या समोर."

मी म्हणालो, तुमचा काय संबंध?

"इंजन जाळलेल्या डायवरले कोन टॅक्टर देते या गावात? तू त्याचे पैसे नाई कापले. त्याच्या हातातला स्टेरिंग कापला."

भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडून, मधे एकाला एक चिकटून आट्याचे खिळे पिळून त्याने ती शिवली. तीन दिवस लागले. शिवून झाल्यावर पुन्हा चुना, पुन्हा कढत पाणी, पुन्हा शेवंताबाई. अर्धा तास थांबलो. चुना पांढराच राहिला. त्या पांढऱ्यावर त्याने उपडा हात ठेवला तेव्हा त्याचा चेहरा जरा सैल पडला. मी पाहतो आहे हे लक्षात आल्यावर पुन्हा होता तसा झाला. रेडिएटर त्याने तीन वेळा धुऊन काढला. पहिल्या पाण्याला त्याच्या शेडभर फोडणीचा वास सुटला.

अशा रीतीने बारा जुलै उजाडली आणि झाकण त्याच्या खिशात गेले. परे अठ्ठावीस दिवसांचे झाले होते.

"हे काय चालवले आहे?" मी म्हणालो. "तुमचे बिल फिटले."

"फिटला ना. मी कुठी नाई म्हनलो?"

"मग झाकण द्या."

"सोम्याले आन. झाकन त्याच्याच हातात देतो."

"मी पोलिसात जाईन."

"जा. मायी फुकटची चाय होईल तिथी."

तिथपासून दोनशे पावलांवर सामानाचे दुकान होते. झाकण एकशे ऐंशी रुपयांना मिळते हे मला माहीत होते आणि त्यालाही माहीत होते. मी गेलो, विकत घेतले, पावती घेतली आणि परत आलो. शेवंताबाईने मला पाहिले आणि आत जाऊन भांडी वाजवायला सुरुवात केली. मी झाकण बसवले. मिस्त्री उठून आला. मला वाटले, आता हे पण काढतो. त्याने झाकणावर तळहात ठेवला आणि पाव आटा आणखी फिरवून घट्ट केले.

"वायसर नीट नाई बसला तर भाप निघते," तो म्हणाला. "अन् आता बांधीतला पाणी टाकू नोको. बोरचा टाक. जा."

त्याचे भांडण माझ्याशी होते. इंजिनाशी नव्हते. मी त्याच्याशी जो शेवटचा शब्द बोललो तो शिवी होती. ती त्याला ऐकू गेली की ट्रॅक्टरच्या आवाजात बुडाली, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

चिखल झाला. रोजाने दुसरा ड्रायव्हर लावला, आणि तीन दिवसरात्र ट्रॅक्टर चालून एकोणीस एकरांची रोवणी बत्तिसाव्या दिवसापर्यंत आटोपली. पाण्याच्या रकान्यात रोज शून्य. ते शून्य लिहिताना बरे वाटायला हवे होते. त्या दिवसांत सोमा शेजारच्या बांध्यांत होता. डोक्यावर पऱ्यांच्या जुड्यांचा भारा, गुडघाभर चिखलात, बांधाच्या धुऱ्यावरून बांधीत आणि बांधीतून धुऱ्यावर. पंधरा वर्षे स्टेअरिंगवर बसलेला माणूस. माझा ट्रॅक्टर जवळून गेला की तो उभा राहायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि पुन्हा चालू लागायचा. माझ्याकडे पाहायचा नाही. एकदा बायकोने त्याला हाक मारून पाणी दिले. घरी आल्यावर मला म्हणाली, "दोन मुठी हळद माया डब्यातली होती. मलेच लाज वाटून राहिली. तुमाले काऊन नाई वाटत?" मी म्हणालो, धान विकले की पाहू. तिने नंतर कधी विषय काढला नाही. वरणात हळद मात्र कमी पडू लागली. का, ते मी विचारले नाही.

धान कापले, मळले, विकले. मी पाहिले नाही.

जानेवारीत ऑइल फिल्टर आणायला आमगावला गेलो, तेव्हा मिस्त्रीची शेड बंद होती. पिंपावरचे फडके सुटले होते आणि चुना वाळून त्याला भेगा गेल्या होत्या. शेवंताबाईने मला ओळखले, पण बस म्हणाली नाही.

"गेला. आठ दिस झाले. छातीत दुखला म्हने. दवाखान्यात नेता नेता गेला."

 मग मला ते दिसले. स्टोव्हच्या वर, खिळ्याला सुतळीने बांधलेले. माझे झाकण. धुराने काळे पडले होते.

"मायापाशी देऊन गेला होता, दिवाळीतच," ती म्हणाली. "म्हने, तू साक्षीदार होय. बाबू सोम्याचे पैसे देईल तवा दे. नाई दिले तं राहू दे लटकून."

"मला झाकण नको, बाई. माझ्याकडे नवीन आहे."

"मंग कायले पाऊन राहिले त्याच्याकडे?"

मी चहा मागितला. तिने दिला. कितीचा, विचारले. दहा, म्हणाली. तिने पैसे घेतले आणि पाठ वळवली. मेलेल्या माणसाच्या बाजूने ती माझ्याशी भांडत होती, आणि तिच्याजवळ सुतळीला टांगलेला पुरावा होता.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर माणसे चौकात पानठेल्यासमोर जमली. मी मोजली, बावीस. सोमा कडेला उभा होता. मी त्याला पुढे बोलावले आणि सांगितले, की इंजिन सोमाने जाळले नाही. त्याने मला आधी सांगितले होते. मी ऐकले नाही आणि त्याला न सांगता रेडिएटरात हळद टाकली. इंजिन मी जाळले. एवढे बोलायला अर्धे मिनिटही लागले नाही. मागून कोणीतरी म्हणाले, "हळद लावली तं लगनाले बोलावाचा होता ना, बाबू." माणसे हसली. सोमा हसला नाही. मी नोटा पुढे केल्या. त्याने घेतल्या आणि सगळ्यांसमोर, एक एक करून, मोजल्या.

"चार हजार आठशे. बरोबर हायेत," तो म्हणाला. "पर मालक, हे एवढंसं बोलाले तुमाले अर्धा साल काऊन लागला?"

 मी म्हणालो, उन्हाळी धानाच्या चिखलाचे काम आहे, उद्यापासून ये.

"नाई जी. तुमी दुसरा पाहा."

दुसऱ्या दिवशी तो सायकलने आमगावला गेला. शेवंताबाईने त्याला काय विचारले आणि त्याने काय सांगितले ते मला माहीत नाही. झाकण तिने त्याला दिले. त्याने मला दिले नाही. आता तो पलीकडच्या गावात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो. त्या ट्रॅक्टरला हे झाकण बसत नाही. तरी ते त्याच्या शर्टाच्या खिशात असते, आणि खिशाला बटण लावलेले असते. एकदा पेट्रोल पंपावर भेट झाली तेव्हा मी त्याकडे पाहिले. "मिस्त्रीचा होय," तो म्हणाला, आणि डिझेलची टाकी भरून होईपर्यंत आकड्याकडे पाहत राहिला.

मी वहीत जुलैचे पान काढून दोन तारखेसमोर राहिलेली ओळ लिहिली: हळद दोन मुठी, टाकणारा मी. आता पैसे लागोत न लागोत, इंजिनात जे जाईल ते मी लिहितो, आणि पाण्याची बेरीज दर शनिवारी करतो.

शेवटी दिले ते असे. मिस्त्रीला चौदा हजार दोनशे, बारा जुलै. सामानाच्या दुकानात झाकणाचे एकशे ऐंशी, त्याच दिवशी. हे ट्रॅक्टरच्या खर्चातून काढून मी माझ्या नावावर टाकले. सोमाला चार हजार आठशे, सव्वीस जानेवारी, चौकात, बावीस माणसांसमोर. पाच जुलै ते सव्वीस जानेवारी दोनशे पाच दिवस होतात. तेवढे दिवस त्याच्या हातात स्टेअरिंग नव्हते. त्या दिवसांचे त्याला मी काही दिलेले नाही.